पालथा दगड

(नेपरव्हिल, इलिनॉय. श्रावणातल्या शनिवारची दुपार. दिवाणखान्यात चौरंग मांडून झालाय आणि भिंतीवरच्या टीव्हीला फोन जोडायची खटपट चाललीय.)

सुवर्णा: ...आणि स्मोक अलार्मला शॉवर कॅप घातलीस का? मागच्या खेपेला आरती ऐन रंगात आली आणि फायर ब्रिगेड दारात. आपल्या मंडळातल्या आसावरीनं त्यांनाही प्रसाद दिला होता.

विनय: घातली. वरच्या मजल्यावरच्या अलार्मलासुद्धा.

सुवर्णा: आणि केळीची रोपं अशी कुंडीसकट ठेवायची देवापुढे?

विनय: कुंडीसकटच. माती सांडली तर दुकान परत घेत नाही. सोमवारी रिटर्न करायची आहेत.

सुवर्णा: देवालाही भाड्याची केळ.

विनय: भाड्याची नाही गं, रिटर्न पॉलिसी आहे.

सुवर्णा: तेच ते. इतकी वर्षं आपणही इथं रिटर्न पॉलिसीवरच होतो. माती सांडू नये म्हणून जपून वागत होतो.

विनय: होतो! होतो म्हण! आता ग्रीन कार्ड आहे खिशात. म्हणून तर पूजा. नवस बोललो होतो मी, कार्ड आलं की सहकुटुंब सत्यनारायणाला बसेन. त्या नीनाला नीट सांगितलंस ना, कशाबद्दल आहे ते?

सुवर्णा: मी म्हटलं श्रावण आहे म्हणून. ती म्हणाली, श्रावण दरवर्षी येतो, तू दरवर्षी कुठं बोलावतेस? मग सांगावं लागलं. यामिनी मात्र ऐकून ‘अरे वा’ म्हणाली. त्यातलं ‘अरे’ खरं होतं. ‘वा’ घशातच राहिलं. त्यांची कार्डाची तारीख अजून कोसभर लांब आहे.

विनय: तू पण ना, माणसांचे हिशेब ठेवतेस.

सुवर्णा: कुणीतरी ठेवायला नको? बघ, वाजतोय तुझा फोन.

विनय: थांब, थांब... हं! दिसली! इशू, हॅलो! बघ सुवर्णा, अख्खी भिंतभर!

इशिता: ओ गॉड, बाबा, मी टीव्हीवर आहे? मला सत्यनारायणाचा फोटो दिसतोय. आणि ते काय, झाड?

सुवर्णा: केळ आहे. सोमवारपर्यंत. बारीक झालीस.

इशिता: आई, तू दर वेळी हेच म्हणतेस.

सुवर्णा: दर वेळी झालेली असतेस. काय जेवलीस?

इशिता: चिप्स. बाबा, लिसन, मला तुम्हाला एक सांगायचंय. लोक यायच्या आधी—

विनय: आधी रिहर्सल. चारला सगळे येतील. कथा झाली की आरतीच्या आधी पाच मिनिटं तुझी. मी ग्रुपवर टाकलंय, ‘आमच्या इशितानं इंग्लंडात रोमन देऊळ शोधून काढलं.’ काय लाइक्स आलेत!

इशिता: मी नाही शोधलं. टीम आहे आमची. मी फक्त त्या दगडावर काम करत होते.

विनय: म्हणजे तूच. चल, सुरू कर. सोपं सांग, आणि शेवट जरा पॉझिटिव्ह ठेव.

इशिता: आत्ता? ...ओके. तर, इंग्लंडच्या उत्तरेला रोमन लोकांची सरहद्द होती. तिथे त्यांच्या सैनिकांची एक छावणी होती. छावणीच्या भिंतीबाहेर, ओढ्याजवळ, आम्हाला एक देऊळ मिळालं. छोटं. अर्धं जमिनीच्या खाली. खिडकी एकपण नाही. दोन साइडना बसायला कट्टे.

सुवर्णा: माणसं किती मावायची?

इशिता: वीसेक. एकदम चिकटून बसली तर.

सुवर्णा: म्हणजे आपलं पहिलं मंदिर. टायरच्या दुकानामागचं गोडाऊन. त्यालाही खिडकी नव्हती. गणपतीत तू तिथं रबराच्या वासानं ओकली होतीस.

इशिता: एक्झॅक्टली! मी प्रोफेसरना हेच सांगितलं! ओकल्याचं नाही सांगितलं.

विनय: ओकणं नको पाहुण्यांसमोर. पुढे.

इशिता: गंमत म्हणजे, हे सैनिक रोमचे नव्हतेच. कोणी सिरियाचे, कोणी स्पेनचे, कोणी डॅन्यूब नदीकडचे. बहुतेकांनी रोम कधी बघितलंपण नसणार.

विनय: ऑनसाइट पाठवलेले.

सुवर्णा: क्लायंटच्या गावी. आणि देव कुणाचा? कुणाच्या गावचा?

इशिता: कोणाच्याच नाही. पूर्वेकडून आलेला एक देव. सगळे घरापासून लांब, म्हणून सगळ्यांना मिळून एक.

सुवर्णा: म्हणजे कमिटीत पुणे, मुंबई, नागपूर अशी भांडणं नव्हती म्हणायची.

इशिता: असतील ना. ते देऊळ मोडून परत बांधलंय.

सुवर्णा: हां, मग ते देऊळच. खात्री पटली माझी.

विनय: सुवर्णा, बोलू दे तिला. दगडाचं सांग इशू. तो मेन आयटम.

इशिता: दारात एक उंबरठा होता. दगडाचा, झिजलेला. आम्ही रोज त्याच्यावर पाय देऊन आत-बाहेर करायचो. एक दिवस मी त्याच्या कडेची माती काढत होते, हात खाली गेला, तर खालच्या बाजूला अक्षरं. हाताला लागली. तो पालथा होता. नवसाचा दगड होता तो, कोणीतरी पालथा घालून पायरी केलेली.

सुवर्णा: अगंबाई! आणि तुम्ही पाय देत होतात? नमस्कार तरी केलास?

इशिता: केला. कोणी बघत नव्हतं तेव्हा.

सुवर्णा: कुणी घातला पालथा? शत्रूंनी?

इशिता: नाही, त्याच देवळातल्या लोकांनी. नंतरच्या. त्यांना उंबरठा हवा होता, दगड मापाचा होता.

विनय: काय लिहिलंय ते वाच. मराठीत.

इशिता: मी ट्राय केलंय. ‘देवाला. अमुक पलटणीतल्या अमक्यानं,’ नाव उडालंय त्याचं, ‘स्वतःच्या आणि आपल्या माणसांच्या सुखरूपतेसाठी. बोललेला नवस फेडला. राजीखुशीनं, आणि देवाचा हक्क होता म्हणून.’

सुवर्णा: हा तर संकल्पच झाला. सहकुटुंब, सहपरिवार, क्षेम, स्थैर्य... आज गुरुजी हेच म्हणतील.

विनय: वा! हे गुरुजींना सांगितलंच पाहिजे. ते संकल्पात द्वीपसुद्धा बदलून म्हणतात, भारताचं नाही, इथलं. देवाला पत्ता अगदी करेक्ट देतात.

सुवर्णा: इशू, आपल्या माणसांची नावं नाहीत कोरलेली?

इशिता: नाही. नुसतं ‘आपली माणसं.’ दगड लहान आहे.

सुवर्णा: आणि ते राजीखुशीनं? ते त्यानं सांगितलं म्हणून कोरलं, की कोरणाऱ्यानं आपलं घातलं?

इशिता: ते सगळ्याच दगडांवर असतं, आई. लग्नाच्या पत्रिकेत ‘श्रीकृपेकरून’ असतं ना, तसं.

सुवर्णा: म्हणजे राजी नसला तरी कोरायचं.

विनय: झालं तुझं सुरू. इशू, ते पंचवीस वर्षांचं सांग. तू मागे म्हणाली होतीस. ते हिट जाणार आज.

इशिता: बाबा, ते नको.

विनय: अगं, तेच पाहिजे! ऐक सुवर्णा, या बाहेरच्या सैनिकांनी पंचवीस वर्षं नोकरी केली की त्यांना रोमचं नागरिकत्व मिळायचं. म्हणजे ग्रीन कार्डची लाइन दोन हजार वर्षं जुनी आहे! सगळे उठून टाळ्या वाजवतील.

सुवर्णा: आणि त्यांच्या मुलांना?

इशिता: आधी मिळायचं. मग एका बादशहाच्या काळात ते बंद झालं. बापाला द्यायचे. नोकरीत असताना जी मुलं झाली, त्यांना नाही.

सुवर्णा: का?

इशिता: कारण कुठे लिहिलेलं सापडत नाही. लोक गेस करतात.

विनय: हे मात्र वगळ. वातावरण जाईल.

सुवर्णा: जाईल कुठं? इथंच आहे ते. येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की पोरगी एकवीस वर्षांची झाली, आपल्या अर्जातून गळाली आणि मग कार्ड आलं. तुला आलं, मला आलं. धाकट्या सिद्धूचा प्रश्नच नव्हता, तो इथला जन्मलेला.

इशिता: तो झोपेत सिटिझन झाला. आहे कुठे?

सुवर्णा: बर्फ आणायला गेलाय.

विनय: बरं, ते राहू दे. इशू, मंगळवारी ओ’हेअर विमानतळावर मी येतो. सामान जास्त आहे का? मोठी गाडी आणू?

इशिता: बाबा, मंगळवारी मी येत नाहीये.

विनय: का? काम वाढलं? कॉलेज सुरू होतंय गं.

इशिता: व्हिसा नाही दिला. काल इंटरव्ह्यू झाला लंडनला, अमेरिकन एम्बसीत. रिजेक्ट.

विनय: असं कसं? स्टुडंट आहेस तू. तीन वर्षं स्टुडंट आहेस.

इशिता: आत होते तेव्हा होते. बाहेर पडलं की नवीन शिक्का लागतो. तुला माहितीय.

विनय: मी म्हटलं होतं! पासपोर्टवर शिक्का नाही, देशाबाहेर पाऊल टाकू नकोस. म्हटलं होतं की नाही? तुम्ही दोघी—

सुवर्णा: जा म्हणाले मी. ते माझ्या नावावर मांड. आधी तिला बोलू दे. काय म्हणाले गं ते?

इशिता: एक बाई होती काउंटरवर. छान होती. दगडाबद्दल विचारलं, मी फोटो दाखवला. हसली. मग तिनं विचारलं, तुझ्यासाठी कोणी कधी अमेरिकेत कायम राहायचा अर्ज केलाय का? मी म्हटलं नाही. तिनं स्क्रीनकडे बघितलं. परत विचारलं, शुअर? मी म्हटलं, हो, शुअर. मला राग आला होता जरा, तोच प्रश्न परत का म्हणून. मग ती हसायची थांबली.

विनय: आणि?

इशिता: ती म्हणाली, अर्ज आहे. याच वर्षीचा. मी म्हटलं, चुकून दुसऱ्या कोणाचा असेल. आपल्या आडनावाचे खूप आहेत.

सुवर्णा: विनय, ती कुंडी का फिरवतोयस?

विनय: सरळ करतोय.

सुवर्णा: सरळच होती. इकडे बघ.

विनय: ...अक्षय्य तृतीयेला केला.

सुवर्णा: काय केलास?

विनय: अर्ज. तिच्यासाठी. आपलं कार्ड आलं की लग्न न झालेल्या मुलीसाठी करता येतो. परत लाइन आहे, मोठी आहे, पण एकदा नंबर लागला की लागला. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, सुवर्णा. त्या दिवशी केलेलं क्षय पावत नाही.

सुवर्णा: नाहीच पावलं. त्या बाईच्या स्क्रीनवर जसंच्या तसं होतं.

इशिता: तू केलास? बाबा? तू?

विनय: तुझ्यासाठीच केला ना, राजा.

सुवर्णा: वकीलबाई बोलल्या होत्या माझ्यासमोर. मुलगी परदेशातून परत आली की मग बघू म्हणाल्या होत्या.

विनय: त्यांना काय, त्या सगळ्यालाच मग बघू म्हणतात. मुहूर्त त्यांच्यासाठी थांबतो का? ऑनलाइन होतं. तू आमरस करत होतीस, मी वर बसून केलं.

सुवर्णा: मी म्हटलं टॅक्सचं काही असेल. दोन वाट्या आमरस वर आणून दिला तुला. माझ्या हातानं.

इशिता: मला का नाही सांगितलंस?

विनय: काम होईपर्यंत बोलू नये, इशू. बोललं की अडतं. तुला आठवत नसेल, तू दहावीत होतीस. कार्ड येणार येणार म्हणून मी मंडळात पेढे वाटले, आणि पुढच्याच महिन्यात तारखा मागे गेल्या. सगळे हसले मला. तेव्हापासून मी ठरवलं, तोंड मिटून करायचं. नंबर लागला असता, मग एकदम सांगितलं असतं. वाढदिवसाला.

इशिता: कोणालाच नाही सांगितलंस?

विनय: कोणालाच नाही. आईलापण नाही. त्या दिवशी फक्त देवापुढे उभा राहिलो आणि सांगितलं.

इशिता: देवाला सांगितलंस. मला नाही.

विनय: इशू—

इशिता: तू मला सांगितलं असतंस ना, तर मी गेलेच नसते. नुसतं एवढं. रागावले असते, रडले असते, आणि गेले नसते. तू मला सांगत होतास जाऊ नको, आणि कारण खिशात ठेवलं होतंस.

विनय: ते कारण नव्हतं. मला वाटलंच नाही ते दोन एकमेकांना लागतील. वेगळी ऑफिसं, वेगळे अर्ज. आपण त्यांना पत्र लिहू. मी लिहितो, की मुलीला माहीत नव्हतं, चूक माझी आहे.

इशिता: मी सांगितलं तिला. ती म्हणाली, स्टुडंट म्हणजे शिकून परत जाणारी. तुझे वडील म्हणतात हिला कायम राहायचंय, आणि तू म्हणतेस कोणी काही म्हटलंच नाही. मग तिनं काहीतरी टाइप केलं. खूप वेळ. मी खोटं बोलले असं आहे ते. ते पुसत नाहीत, बाबा.

सुवर्णा: आता कुठं आहेस तू?

इशिता: खोदकामाच्या इथे, हॉस्टेलवर. बाकीचे गेले. मी दगड पॅक करायला थांबले. त्याला म्युझियममध्ये न्यायचंय. त्याची परमिशन लगेच आली.

सुवर्णा: आणि मग?

इशिता: मग इथे पण थांबू देत नाहीत. नागपूर. शुक्रवारचं तिकीट आहे. वसुधा मावशीला सांगितलंय.

सुवर्णा: मावशीला कधी सांगितलंस?

इशिता: काल. काउंटरवरून बाहेर आले तेव्हा.

सुवर्णा: तिला काल आणि आम्हाला आज.

इशिता: तुम्हाला रात्री तीनदा फोन लावला. बाबा म्हणाला, पूजेच्या गडबडीत आहे, उद्या रिहर्सलला बोलू.

सुवर्णा: ...काय म्हणाली मावशी?

इशिता: काही नाही. विचारलं, विमान किती वाजता येतं. आणि पंखा दुरुस्त करून घेते म्हणाली, त्या खोलीतला. आई, मी ती खोली बघितलेलीपण नाही. दोन वर्षांची असताना निघाले मी. पासपोर्ट म्हणतो ते माझं घर आहे, आणि मला तिथे रिक्षावाल्याला काय सांगतात ते माहीत नाही.

विनय: मी येतो नागपूरला. सुट्टी टाकतो. आता मी जाऊ-येऊ शकतो, कार्ड आहे ना—

सुवर्णा: विनय.

विनय: काय?

सुवर्णा: ऐकू आलं का, काय बोललास ते?

विनय: मी फक्त म्हणत होतो... मग पूजा कॅन्सल करू. सगळ्यांना मेसेज टाकतो.

सुवर्णा: सव्वाच्या मापाचा शिरा झालाय. गुरुजी निघालेत. यामिनी सगळ्यांच्या आधी येणार, ती आज चेहरा बघायला येतेय माझा. काय कारण देशील?

इशिता: कॅन्सल नको करू, बाबा. नवस बोललायस ना. फेड. नाहीतर परत काहीतरी अडेल आणि तू म्हणशील मी अडवलं.

विनय: मी असं कधी म्हणेन का गं?

इशिता: नाही म्हणणार. देवाला सांगशील.

सुवर्णा: इशू, पुरे. त्याचं तोंड बघ जरा.

इशिता: बघतेय ना, आई. तो सत्यनारायणाच्या शेजारीच दिसतोय मला. दोघं सेम.

विनय: मी... तू पाच मिनिटं बोलशील ना पाहुण्यांशी? नाही म्हणजे, ठरलंय. सगळे विचारतील. मी काय सांगू त्यांना?

सुवर्णा: अरे देवा.

इशिता: सांग, नेट नाही. सरहद्दीवर असंच असतं. आई, मी फोन करते रात्री. तुझ्या फोनवर.

सुवर्णा: जेव काहीतरी. गरम जेव.

इशिता: हो. बाय.

विनय: कट झाला?

सुवर्णा: कट केला. ती वायर काढ टीव्हीची. लोंबतेय.

विनय: सुवर्णा, मी वाईट केलं का? खरं सांग. मी तर तिला आत यायला उंबरठाच घालून ठेवला होता.

सुवर्णा: नवस तुझा होता. तो नेऊन तिच्या दारात पालथा घातलास. ती बिचारी त्यावर पाय देऊन बाहेर पडली.

विनय: तूच म्हणालीस जा म्हणून.

सुवर्णा: म्हणाले. माझ्या खात्यावर आहे ते, आणि मी ते कुणाच्या अंगावर टाकत नाही. तूही टाकू नकोस. नारळ कुठं ठेवलास?

विनय: फ्रिजवर. ...लोकांना कळेलच गं. आज ना उद्या.

सुवर्णा: कळेल. आसावरी रडेल, नीना सल्ला देईल, आणि यामिनीचं ‘वा’ शेवटी घशातून बाहेर येईल. मग ती घरी जाऊन स्वतःच्या पोराचं वय मोजत बसेल. तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही आता. बिचारी.

विनय: आपण दोघंच बसायचं मग पूजेला?

सुवर्णा: सिद्धूला बसव शेजारी. बर्फ घेऊन येईल इतक्यात.

विनय: आणि संकल्पाला? गुरुजी विचारतात, कुटुंबात कोण कोण, नावं सांगा. इशिताचं...

सुवर्णा: बेल वाजतेय.

विनय: घेऊ ना नाव?

सुवर्णा: घे की. देवाला सांगायचं तू कधी विसरतोस? जा, दार उघड.